हात गरम होते म्हणून आम्ही निश्चिंत राहिलो

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या आपल्या पुरवणीत पावसाळ्यात वृद्धांची काळजी कशी घ्यावी, यावर अर्ध्या पानाचा मजकूर आला होता. त्यात एक सूचना चौकटीत, ठळक अक्षरांत होती. ऑक्सिमीटरवर ९५ पेक्षा कमी आकडा दिसला की लगेच ऑक्सिजन सुरू करा आणि आकडा वर आणा, अशी. ती वाचली आणि पेपर बाजूला ठेवून मी बराच वेळ ओसरीवर बसून राहिले. बऱ्याच आजारांत ऑक्सिजन कमी पडला की तो द्यावाच लागतो, हे खरं. पण गेल्या वर्षी माझ्या आईच्या बाबतीत आम्ही नेमकं हेच केलं, आणि त्यात ती जाता जाता राहिली. म्हणून हे पत्र. थोडं लांबेल, पण कृपया छापा.

देवगड तालुक्यातल्या खाडीकाठच्या एका हायस्कूलात मी २९ वर्षं विज्ञान शिकवलं. आई आता ७६ वर्षांची आहे. तिनं आयुष्यात कधी बिडी-तंबाखूला हात लावला नाही. पण लग्न होऊन या घरात आली त्या दिवसापासून तिच्या तोंडासमोर चूल आहे. पावसात ओली लाकडं, नारळाची सोडणं, चुडतं, आणि फुंकणी फुंकून लाल झालेले डोळे. खळ्यातल्या तीन दगडांवर भात उकडायचं मोठं तपेलं. मे महिन्यात काजूबिया भाजताना घसा धरणारा तो काळा धूर. घरात गॅस आला तरी न्हाणीतली पाणी तापवायची चूल काही सुटली नाही. "गॅसवरच्या पाण्यान आंग हलका होना नाय," हे तिचं ठरलेलं उत्तर. साठीनंतर घाटी चढताना तिला दम लागायला लागला. वय झालं, असं म्हणून आम्ही सगळ्यांनी तो दम सोडून दिला. मी विज्ञान शिकवत होते, मीही सोडून दिला.

गेल्या आषाढात तिला सर्दी झाली, ती छातीत उतरली, आणि पाच दिवस रुग्णालयात ठेवावं लागलं. निदान झालं सीओपीडी. श्वासनळ्या अरुंद झालेल्या, फुफ्फुसातल्या हवेच्या बारीक पिशव्या फाटून सैल पडलेल्या. घरी सोडताना ऑक्सिजनचं मशीन भाड्यानं घ्यायला सांगितलं आणि कागदावर इंग्रजीत एक लिटर असं लिहून दिलं. एकच का, दोन किंवा पाच का नाही, हे कोणी सांगितलं नाही. आम्हीही विचारलं नाही.

ऑक्सिमीटर घरात होताच. २०२० आणि २०२१ साली तो गावागावांत पोचला, आणि ९४ च्या खाली गेलं की माणूस धोक्यात, हे पोराटोरांनाही पाठ झालं. आईचं बोट त्यात घातलं की ८८, ८९ दिसायचं. तिसऱ्या संध्याकाळी भावाला ते बघवेना. त्यानं मशीनच्या काचनळीतली, किती लिटर ऑक्सिजन जातोय ते दाखवणारी गोळी एकवरून पाचवर नेली. पंधरा मिनिटांत आकडा ९८. "बघ, अठ्ठ्याण्णव! आता चिंता नाय," असं म्हणून त्यानं सगळ्यांना फोन केले. त्यानं प्रेमापोटीच केलं, आणि त्या क्षणी मी त्याला अडवलं नाही.

पुढचे बारा तास मला मिनिटामिनिटाला आठवतात. आईचा चेहरा गुलाबी दिसायला लागला. हात गरम. नेहमी पावसात तिचे हात गार पडतात, त्या रात्री तळवे ऊबदार आणि किंचित ओलसर होते, मनगटावरच्या शिरा फुगलेल्या. शेजारच्या काकी बघायला आल्या, त्यांनी तिचा हात हातात धरला आणि म्हणाल्या, "हात गरम आसत तवसर भियाचा नाय." आमच्याकडे हात-पाय गार पडणं हेच वाईट लक्षण मानतात, त्यामुळे सगळ्यांना धीर आला. मी नाडी बघितली. मोठी, बोटाला ठोसा दिल्यासारखी, मिनिटाला ११८. आई म्हणाली, "टकला (डोकं) कसा जड झाला हा गो. पण बरा वाटता. झोप येता नुसती." नऊ वाजता पेजेची वाटी धरताना तिचा हात मनगटातून फडफडला, पेज पदरावर सांडली. अशक्तपणा, असं मी मनाशी म्हटलं. मध्यरात्री ती माहेरच्या माणसांशी बोलत होती, जी आता नाहीत. पहाटे हाक मारली तर डोळे उघडेनात. ऑक्सिमीटर तेव्हाही ९७ दाखवत होता.

ओळखीच्या एकाची गाडी मिळाली आणि आम्ही तीन-साडेतीन तासांत तिला गोव्यातल्या मोठ्या रुग्णालयात नेलं. तिथल्या तरुण डॉक्टर मुलीनं ऑक्सिमीटरकडे एकदा पाहिलं आणि विचारलं, "ऑक्सिजन किती लिटर सुरू होता?" मग मनगटातल्या धमनीतून रक्त घेतलं. थोड्या वेळानं कागद आला. रक्तातल्या कार्बन डायऑक्साइडचा दाब ३५ ते ४५ असायला हवा, आईचा ९२ होता. रक्ताची पीएच ७.४ च्या आसपास हवी, ती ७.२१. रक्तदाब १८० वर ७०, आणि आईला रक्तदाबाचा त्रास कधीच नव्हता.

ऑक्सिमीटर बोटातून लाल आणि अवरक्त प्रकाश सोडतो आणि हिमोग्लोबिनचा रंग वाचतो. ताकुओ आओयागी या जपानी अभियंत्यानं १९७० च्या दशकात ही युक्ती शोधली, आणि तिनं असंख्य जीव वाचवले. पण कार्बन डायऑक्साइड त्या प्रकाशाला दिसत नाही. रक्तात तो दुप्पट झाला तरी आकडा ९८ चा ९८ राहू शकतो.

इथे मला एक कबुली द्यायची आहे. सातवी-आठवीच्या वर्गात मी पोरांना नळीनं चुन्याच्या निवळीत फुंकर मारायला लावायची. निवळी दुधाळ झाली की फळ्यावर लिहायची: ऑक्सिजन आत, कार्बन डायऑक्साइड बाहेर, हा टाकाऊ वायू. २९ वर्षं लिहिलं. आई बरी झाल्यावर भाचीच्या नर्सिंगच्या पुस्तकापासून सुरुवात करून मी शरीरक्रियाशास्त्राचे जाड ग्रंथ वाचून काढले, तेव्हा कळलं की टाकाऊ हा शब्दच मुळात चुकीचा. श्वासाचा लगाम याच वायूच्या हातात आहे. हे जॉन स्कॉट हॉल्डेन आणि प्रीस्टली यांनी १९०५ साली दाखवलं. (हॉल्डेनचा मुलगा जे. बी. एस. हॉल्डेन १९५७ मध्ये भारतात येऊन राहिला, इथलं नागरिकत्व घेतलं आणि भुवनेश्वरला वारला.) रक्तात हा वायू वाढला की हिमोग्लोबिन ऑक्सिजन सहज सोडतं, हे १९०४ सालीच ख्रिस्तियान बोर यांनी दाखवलं होतं. दहावीला अणूच्या धड्यात भेटणाऱ्या नील्स बोर यांचे ते वडील.

खाडीत बुडी मारून कालवं-मुळे काढणाऱ्या पोरांना हा लगाम अंगानं ठाऊक असतो. श्वास रोखला की थोड्या वेळानं छाती आतून धडका मारायला लागते. ती धडक ऑक्सिजन संपल्याची नसते, कार्बन डायऑक्साइड साठल्याची असते. काही पोरं जास्त वेळ खाली राहता यावं म्हणून आधी भराभरा श्वास घेतात. त्यानं ऑक्सिजन फारसा वाढत नाही, कार्बन डायऑक्साइड मात्र खूप उतरतो. धडक उशिरा येते, तोवर ऑक्सिजन संपलेला असतो आणि पोरगं पाण्यातच शुद्ध हरपतं. पालकांनो, ही सवय दिसली तर आजच मोडा.

आता आईच्या गरम हातांकडे येते, कारण मला सगळ्यात जास्त सांगायचं आहे ते हेच. रक्तात कार्बन डायऑक्साइड वाढला की एकाच वेळी दोन गोष्टी घडतात, आणि त्या एकमेकींच्या उलट असतात. पहिली थेट रक्तवाहिनीच्या भिंतीत. वायू तिथे विरघळतो, आम्लता वाढते, भिंतीतला स्नायू सैल पडतो आणि वाहिनी रुंद होते. निरोगी शरीरात ही फार मोठी सोय आहे. नांगरणाऱ्याच्या मांडीचा स्नायू राबतो, तिथे हा वायू जास्त तयार होतो आणि त्याच जागच्या वाहिन्या रुंद होऊन तिथे जास्त रक्त पोचतं. पण तो सगळ्या शरीरातच साठला तर त्वचेच्या वाहिन्या रुंद होतात आणि हात गरम, चेहरा गुलाबी दिसतो. मेंदूच्या वाहिन्या सगळ्यांत जास्त ऐकतात. निरोगी माणसात दाब ४० वरून ८० वर गेला तर मेंदूतला रक्तप्रवाह साधारण दुप्पट होतो. कवटी हाडाची, ती काही फुगत नाही. आईला त्याआधीचे दोन महिने सकाळी उठल्यावर डोकं जड वाटायचं, कारण झोपेत श्वास आणखी उथळ होतो आणि वायू साठतो. आम्ही बाम चोळत होतो.

दुसरी गोष्ट चेतासंस्थेची. मेंदूच्या तळाशी लंबमज्जेत काही पेशी या वायूवर पहारा ठेवतात. गळ्यातली मोठी धमनी जिथे दुभंगते तिथे दोन्ही बाजूंना तांदळाच्या दाण्याएवढी एकेक गाठ असते, ती रक्ताची चव घेत असते. गळ्यातल्या या पहाऱ्याच्या शोधासाठी बेल्जियमच्या कॉर्नेल हेमन्स यांना १९३८ चं नोबेल मिळालं. वायू वाढला की हे दोन्ही पहारेकरी अनुकंपी चेतासंस्थेला जागं करतात. साप दिसल्यावर छातीत धस्स होतं, घाम सुटतो, ते काम याच चेतांचं. स्वीडनमध्ये उप्सालाच्या शास्त्रज्ञांनी १९६० च्या दशकात पायाच्या चेतेत केसाएवढी सुई घालून या चेतांचे संदेश जिवंत माणसात टिपण्याची पद्धत काढली. त्या पद्धतीनं पुढे दिसून आलं की कार्बन डायऑक्साइड मिसळलेली हवा दिली की संदेशांचा जोर चढत जातो. हृदय जलद आणि जोरात चालतं, मूत्रपिंडावरच्या अधिवृक्क ग्रंथी ॲड्रेनालिन सोडतात, आतडी आणि मूत्रपिंडांच्या वाहिन्या आवळल्या जातात, रक्तदाब चढतो.

म्हणजे वायू स्वतः वाहिन्या सैल करू बघतो आणि त्यानंच चेतवलेल्या चेता त्या आवळू बघतात. कुठे कोण जिंकतं ते अवयवागणिक बदलतं. मेंदूच्या वाहिन्या या चेतांना फारशा जुमानत नाहीत, तिथे वायू जिंकतो. मूत्रपिंडात चेता जिंकतात, मग मीठ आणि पाणी शरीरात अडकतं. फुफ्फुसाच्या वाहिन्यांची तऱ्हा तर पार उलटी, त्या या वायूनं आणि आम्लतेनं रुंद न होता आकसतात आणि हृदयाच्या उजव्या बाजूवर भार पडतो. आईच्या घोट्यांवरची सूज, जिला आम्ही "उभं राहून राहून आलेली" म्हणत होतो, ती या दोन्हींतून आलेली होती. गरम हात, ओले तळवे, ठोसे देणारी नाडी, चढलेला रक्तदाब, फडफडणारं मनगट, गुंगी. एकेक करून पाहिलं तर प्रत्येकाला घरगुती कारण सापडतं. आम्ही प्रत्येकाला ते शोधून दिलं होतं.

मग ऑक्सिजननं हा वायू वाढला कसा? एवढंच ऐकायला मिळतं की अशा रुग्णांचा श्वास ऑक्सिजनच्या कमतरतेवर चालतो आणि ती भरून काढली की श्वास मंदावतो. ते थोडंसं खरं आहे, पण मोठी कारणं वेगळी आहेत. फुफ्फुसाचा जो भाग खराब झालाय, जिथे हवा जात नाही, तिथल्या वाहिन्या शरीर शहाणपणानं आवळून ठेवतं आणि रक्त चांगल्या भागाकडे वळवतं. जादा ऑक्सिजन मिळाला की त्या सैल होतात, रक्त पुन्हा खराब भागातून फिरतं आणि वायू न सोडताच परत येतं. शिवाय ऑक्सिजननं भरलेलं हिमोग्लोबिन कार्बन डायऑक्साइड कमी वाहून नेतं, तो रक्तात सुटा होतो. निरोगी माणूस दोन श्वास जास्त घेऊन तो फेकून देतो. आईकडे ते दोन श्वास नव्हते.

दोन रात्री तिला बायपॅपवर, म्हणजे घट्ट मास्कमधून हवा दाबानं आत ढकलून श्वासाला मदत करणाऱ्या मशीनवर ठेवलं. डॉक्टर मुद्दाम सावकाश चालले होते. इतका साठलेला वायू एकदम काढला तर चेतलेल्या चेता अचानक शांत होतात आणि रक्तदाब कोसळू शकतो, असं त्या मुलीनं मला समजावलं. तिसऱ्या सकाळी कागदावर कार्बन डायऑक्साइडचा दाब ५८ आला, रक्तदाब कोणत्याही गोळीशिवाय १३० वर आला, आणि आईनं डोळे उघडून पहिला प्रश्न विचारला तो गोठ्यातल्या वासराचा. त्या दिवशी डॉक्टरांनी भावाला समोर बसवलं आणि सांगितलं की हिचा ऑक्सिमीटरवरचा आकडा ८८ ते ९२ च्या मध्ये ठेवायचा, ९३ दिसला तर खूश व्हायचं नाही. २०१० साली ऑस्ट्रेलियातल्या टास्मानियात ॲम्ब्युलन्समधल्या अशाच रुग्णांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. मोजून ऑक्सिजन दिलेल्यांत मृत्यू जोरात ऑक्सिजन दिलेल्यांपेक्षा निम्म्याहूनही कमी होते. म्हणजे आमच्या घरातली ती रात्र येण्याच्या कितीतरी आधी हे सगळं ठाऊक होतं. कागदावरच्या त्या एक लिटरपुढे मराठीत दोन ओळी लिहायला कोणाचे किती सेकंद गेले असते?

हे वाचून कृपया कोणी घरातला ऑक्सिजन एकदम बंद करू नका. तसं केल्यास ऑक्सिजन आधीपेक्षाही खाली कोसळतो आणि तेही तितकंच घातक आहे. न्यूमोनिया असलेल्या तरुणाला ८८ वर ठेवणं चूक ठरेल. कोणासाठी कोणता आकडा, हे डॉक्टरांनी सांगायचं आणि आपण अडून विचारायचं. मास्क घातल्यानं किंवा खोलीची खिडकी बंद राहिल्यानं रक्तात हा वायू साठतो, अशी भीती मोबाईलवर फिरत असते. तिचा याच्याशी संबंध नाही. बाहेरच्या हवेत तो जेमतेम ०.०४ टक्के असतो, बंद खोलीत त्याच्या काही पट होतो, आणि निरोगी माणूस तेवढा सहज बाहेर टाकतो.

मला तीन गोष्टी हव्या आहेत. दम्याच्या किंवा सीओपीडीच्या रुग्णाला ऑक्सिजनवर घरी पाठवताना त्याचा आकडा मराठीत, मोठ्या अक्षरांत लिहून द्यावा. इंग्लंडात असं कार्ड रुग्णाच्या खिशात असतं, ॲम्ब्युलन्सवाला ते आधी बघतो. आपल्याकडे साध्या पुठ्ठ्यावर लिहिलं तरी चालेल. दुसरं, धमनीतल्या रक्तातले वायू मोजायचं यंत्र तालुक्याच्या ठिकाणी असावं, आणि नुसतं असून भागणार नाही, त्यात घालायच्या चाचणीच्या काडतुसांचा (कार्ट्रिजचा) पुरवठा पावसाळ्यातही चालू राहावा. आमच्या तालुक्यातून गोव्याला पोचेपर्यंत सगळ्यांच्या आया वाट बघू शकणार नाहीत. तिसरं चुलीचं. उज्ज्वला योजना २०१६ मध्ये आली, स्वयंपाकघरातला धूर खूप घरांत कमी झाला, त्याचं श्रेय द्यायलाच हवं. पण कोकणातल्या न्हाणीतली चूल कोणाच्याच मोजणीत नाही. तिथे रोज पहाटे एखादी बाई वाकून फुंकणी फुंकत असते. आणि ज्या घरात ऑक्सिजनचं मशीन आहे तिथे तर ती चूल आगीच्या दृष्टीनंही लांबच हवी. आमच्याकडे आता पाण्याचा बंब मागल्या पडवीत बाहेर नेला आहे, आई अजून त्यावर कुरकुरते.

मशीनवरच्या काचनळीवर वहिनीनं लाल नेलपॉलिशनं एकच्या रेघेवर खूण केली आहे. शेजारी भावानं कागद चिकटवलाय, ८८ ते ९२. वीज जाते तेव्हा वापरायच्या सिलिंडरवरही तशीच खूण आहे. रोज सकाळी मी आईला दोन्ही हात पुढे करून पंजे मागे वळवायला सांगते आणि ते फडफडतात का ते बघते. डोकं जड आहे का, हे विचारते. हात गरम लागले तर ऑक्सिमीटर न बघता आधी तिच्याशी चार वाक्यं बोलते.

रविवारच्या त्या चौकटीच्या जागी, तेवढ्याच ठळक अक्षरांत, दुसरी चौकट छापावी ही विनंती. हवं असल्यास मजकूर मी लिहीन आणि छातीच्या विकारांच्या डॉक्टरांकडून तपासून घेऊनच पाठवीन. श्रावण सुरू व्हायच्या आत छापलीत तर फार बरं. सर्दी-खोकल्याचे दिवस सुरू झालेच आहेत.

आपली,
एक निवृत्त विज्ञान शिक्षिका,
ता. देवगड, जि. सिंधुदुर्ग